भाताची पानं तांबूस पडतायत? खताची गोणी फोडायच्या आधी रोप उपटून मूळ बघा

भाताच्या खालच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके आले, शेंडे तांबूस व्हायला लागले, फुटवे थांबले, की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात, एकतर बुरशीनाशक मारतात नाहीतर "खत कमी पडलं" म्हणून युरिया फेकतात. कधीकधी ते बरोबरही निघतं. पण पाणी साठवून घेतलेल्या भातात असे ठिपके पडायचं एक मोठं कारण म्हणजे मातीतच तयार झालेलं विष, आणि तिथे नुसता जादा युरिया टाकला तर दुखणं बरं होत नाही, उलट वाढतं. या लेखात मी क्रमाने सांगतोय की पाण्याखाली मातीत काय होतं, ते शेतात उभं राहून कसं ओळखायचं, आणि कुठलं खत कधी द्यायचं, कधी हातात धरून ठेवायचं. लेख लांब आहे पण यातलं बरंचसं काम लावणीच्या आधीचं आहे, तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आत वाचलात तर जास्त उपयोग होईल.

आधी रसायन, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

खाचरात पाणी उभं राहिलं की मातीत हवा जायचा रस्ता बंद होतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे मातीत उरलेला ऑक्सिजन जिवाणू एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. वरचा काही मिलिमीटरचा तपकिरी पापुद्रा तेवढा हवेशीर राहतो, त्याखालची माती राखाडी-निळसर होत जाते, चिखलात हात घालून बघितलंत तर हा फरक डोळ्याला दिसतो.

ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. ते श्वासासाठी दुसऱ्या गोष्टी वापरायला लागतात आणि त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि सगळ्यात शेवटी मिथेन तयार व्हायला लागतो. कोरड्या मातीत लोह गंजासारखं, न विरघळणारं असतं, त्याला फेरिक म्हणतात. जिवाणूंनी ते वापरलं की त्याचं फेरस होतं आणि फेरस पाण्यात विरघळतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सल्फेटचं सल्फाईड होणं, यातूनच हायड्रोजन सल्फाईड येतो, तो सडक्या अंड्याचा वास.

या सगळ्यात आम्ल खर्च होतं म्हणून आम्लधर्मी जमिनीचा पीएच पाणी भरल्यावर काही आठवड्यांत वर चढतो, आणि चुनखडीच्या किंवा चोपण जमिनीचा कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे खाली येतो, दोन्हीकडून तो साधारण साडेसहा ते सातच्या आसपास येऊन टेकतो. हे भाताच्या फायद्याचंच आहे. लोहाने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो, आणि आम्लधर्मी कोरड्या जमिनीत मुळं मारणारं अ‍ॅल्युमिनियम पीएच पाचच्या वर गेला की शांत होतं. पण हे व्हायला वेळ लागतो आणि अडचण त्या मधल्या काळात आहे. आम्लधर्मी, तांबड्या, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीत विरघळलेलं लोह पहिल्या एक ते चार आठवड्यांत एकदम वर जातं, लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंतसुद्धा, आणि नंतर हळूहळू ५०-१०० वर उतरतं. पाण्याखालच्या मातीचं हे गणित मांडण्यात श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ पोन्नम्पेरुमा यांचा वाटा फार मोठा आहे. भाताची पानं तांबूस पडण्यामागे लोहाची विषबाधा असते हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मांडलं, पुढे फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं.

सगळी लढाई मुळाशी आहे

भाताच्या खोडात आणि मुळात हवेच्या नळ्या असतात. पानाकडून ऑक्सिजन खाली येतो आणि मुळाच्या बाहेर झिरपतो, तिथे तो फेरस लोहाला परत गंज बनवून मुळाच्या सालीवरच बसवतो. म्हणून निरोगी भाताचं मूळ केशरी-तपकिरी दिसतं, ते बघून घाबरायचं काही कारण नाही, उलट मूळ काम करतंय याचीच ती खूण आहे.

ही ताकद मुळाला फुकट मिळत नाही. पोटॅश, स्फुरद, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन यातलं काही कमी पडलं की मुळातून बाहेर येणारा ऑक्सिजन कमी होतो, मुळाची साल गळकी होते आणि लोह सरळ आत शिरतं. आत गेलेलं लोह पेशींमध्ये जहाल ऑक्सिजन कण तयार करतं, पानाच्या पेशी जळतात, तेच ते तपकिरी ठिपके. म्हणून लोहाच्या विषबाधेचा एकच असा आकडा सांगता येत नाही. चांगलं पोसलेलं पीक मातीच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम लोह असलं तरी तग धरतं, आणि उपाशी पीक, विशेषतः जिथे हायड्रोजन सल्फाईडही आहे तिथलं, ३० मिलिग्रॅमला आजारी पडतं. दहापट फरक! लोह तेच, पीक तेच, फरक मुळाच्या पोटात काय गेलंय त्याचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: रोप उपटा, मूळ धुवा, वास घ्या

खाचरातल्या आजारी भागातली तीन-चार आणि चांगल्या भागातली तीन-चार रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढा. ओढून काढू नका, बारीक मुळं तुटतात आणि मग तुलना करता येत नाही. आधी गड्डा फोडून लगेच वास घ्या, कारण वास पटकन उडून जातो. मग बादलीत हळू हलवत धुवा आणि पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी ठेवा.

चांगलं मूळ: टोकं पांढरी, मागचा भाग पातळ केशरी लेपाचा, बारीक तंतू भरपूर.

लोहाची विषबाधा असेल तर मुळं कमी, जाड, आखूड, त्यावर गडद तपकिरी खरबरीत पुट, तंतुमुळं जवळजवळ नाहीत. वर पानं बघा, ठिपके खालच्या जुन्या पानाच्या शेंड्यापासून सुरू होऊन बुंध्याकडे येतात, मग एकमेकांत मिसळून सगळं पान तांबूस, केशरी, कधी जांभळट होतं आणि वाळतं. ठिपके शिरांच्या मधल्या जागेत, शिरा मात्र बराच वेळ हिरव्या.

मुळं काळी, बुळबुळीत आणि अंड्याचा वास असेल तर सल्फाईड. इथे एक छोटी तपासणी करून बघाच. काळं मूळ धुऊन हवेत ठेवा, काळेपणा लोह सल्फाईडचा असेल तर थोड्या वेळाने तो फिका पडून गंजासारखा रंग यायला लागतो. मूळ काळं असूनही आतून पांढरं आणि टणक असेल तर पीक वाचेल, चिमटीत दाबल्यावर साल सुटून आली तर ते मूळ गेलं.

लावणीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोप नुसतं पिवळट उभं आहे, नवीन मुळं फुटतच नाहीत, टोकं करपल्यासारखी, आणि चिखलात अर्धवट कुजलेला पेंढा किंवा हिरवळीचं खत हाताला लागतंय, तर सेंद्रिय आम्लांचा संशय घ्या. अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिक आम्ल ही कुजण्याच्या सुरुवातीला तयार होतात आणि गारठ्यात जास्त दिवस टिकतात.

आता ज्याच्यात सगळ्यात जास्त गल्लत होते ते, जस्ताची कमतरता, म्हणजे खैरा. तीही लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांतच येते, तिच्यातही तपकिरी डाग असतात. फरक असा, खैऱ्यात नवीन पानाच्या बुडाशी मधली शीर फिकी-पांढुरकी होते, डाग खालच्या-मधल्या पानांवर मोठे आणि पसरट, पीक उंच-बुटकं असं विस्कळीत दिसतं, आणि मुळावर तो जाड तपकिरी पुट नसतो. खैरा बहुतेक करून जास्त पीएचच्या, चुनखडीच्या, किंवा सपाटीकरणात वरची माती निघून गेलेल्या जागी येतो, लोहाची विषबाधा आम्लधर्मी जागी. निव्वळ पोटॅश कमी असेल तर जुन्या पानांचे शेंडे आणि कडा पिवळ्या-तपकिरी होतात, बाकी पान गडद हिरवं राहतं. बुरशीच्या तपकिरी ठिपक्याला मध्ये राखाडी डोळा असतो आणि तो पानावर कुठेही पडतो. पण लक्षात घ्या, ही बुरशी उपाशी आणि मुळं दुखावलेल्या पिकावर जास्त येते, त्यामुळे बुरशी सापडली म्हणजे मातीचा प्रश्न नाही असं समजू नका.

पायरी २: खाचराचा नकाशा काढा

कागदावर साधी आकृती काढा आणि आजारी पट्टे कुठे आहेत ते खुणा करा. वरच्या बांधाच्या पायथ्याला, जिथे उतारावरून पाणी झिरपतं तिथे पट्टा असेल तर लोह बाहेरून येतंय, तुमच्या मातीत कमी असलं तरी. पश्चिम आफ्रिकेतल्या दऱ्याखोऱ्यांमधल्या भातात हाच मोठा प्रश्न आहे. असा झिरपा असेल तर बाधा फुलोऱ्याच्या वेळीही येऊ शकते कारण पुरवठा चालूच राहतो. यावर खत नाही, वरच्या अंगाला बांधाच्या बाहेर चर काढून ते पाणी अडवणं आणि बाजूने वळवणं हाच उपाय. खोलगट कोपऱ्यात, जिथे पाला-पेंढा वाहून साठतो तिथे पट्टा असेल तर सल्फाईड किंवा सेंद्रिय आम्ल.

पाण्यावर रंगीत तवंग दिसतोय? काडीने ढवळा. तवंग काचेसारखा तुकडे होऊन फुटला तर लोहाचा, पुन्हा जुळून आला तर तेलाचा.

पायरी ३: बरणीत शेत भरून बघा

हे लावणीच्या निदान दीड महिना आधी करायचं. नेहमीच्या माती परीक्षणात माती वाळवून तपासतात, आणि वाळलेल्या मातीचा लोहाचा आकडा पाण्याखाली काय होणार ते नीट सांगत नाही. रिपोर्ट घ्याच, पीएच, सेंद्रिय कर्ब, पोटॅश, स्फुरद, जस्त यासाठी तो लागतो. पण सोबत एक पारदर्शक बरणी घ्या, अर्ध्यापर्यंत तुमच्या खाचरातली माती, वर चार बोटं पाणी, झाकण सैल, आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या बरणीत तीच माती अधिक तुम्ही जेवढं हिरवळीचं खत किंवा पेंढा गाडणार त्या प्रमाणात. तारीख लिहा.

दर आठवड्याला बघायचं काय, तर कितव्या दिवशी माती राखाडी झाली, कधी काळी पडली, कधी बुडबुडे, कधी वास. दुसरी बरणी लवकर काळी होऊन वास मारायला लागली तर सरळ अर्थ आहे की गाडणं आणि लावणी यातलं अंतर वाढवायला हवं. पीएचची पट्टी असेल तर ती ओल्या चिखलातच लगेच लावा, वाळवून नाही. प्रयोगशाळेत कुणी ओळखीचं असेल तर डायपिरिडिल लावलेली कागदी पट्टी मागून घ्या, फेरस लोह असलं की ती गुलाबी-लाल होते.

पायरी ४: पेंढा आणि हिरवळीचं खत, कधी गाडायचं

सेंद्रिय खत हे जिवाणूंचं खाणं. खाणं जितकं ताजं आणि जास्त, तितकं मातीतलं लोह आणि सल्फेट भराभर वापरलं जाणार. त्यामुळे "सेंद्रिय आहे, कितीही टाका" हे पाणी साठलेल्या भातात चालत नाही. पण पेंढा जाळणं किंवा सगळाच उचलून नेणं हेही चूक, आणि का ते आकड्यात बघा. एक टन पेंढ्यात साधारण १२ ते १७ किलो पोटॅशियम आणि ४० ते ७० किलो सिलिकॉन असतं. हेक्टरी ५ टन पेंढा दरवर्षी शेताबाहेर गेला तर ६० ते ८५ किलो पोटॅशियम गेलं, म्हणजे एमओपीच्या (म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या) भाषेत १२० ते १७० किलो, अडीच-तीन गोण्या! त्या परत येतात का? नाही. आणि मग काही वर्षांनी त्याच खाचरात पानं तांबूस पडायला लागली की दोष बियाण्याला.

म्हणून कापणी झाली की जमिनीत थोडी ओल असतानाच धसकटं आणि पेंढा उथळ नांगरून टाका, म्हणजे ते हवेत कुजेल, आम्लं तयार झाली तरी लावणीपर्यंत संपून जातील. कोरड्या नांगरणीचा दुसरा फायदा असा की विरघळलेलं फेरस लोह परत गंजरूपात जातं आणि माती पुन्हा नव्याने सुरुवात करते. ज्यांच्याकडे दोन पिकांमध्ये अंतरच नाही, माती वर्षभर ओली, तिथेच हे आजार जास्त हटून बसतात. ओल्यात गाडायचं असेल तर लावणीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी, थंडीत त्याहून जास्त. भाताच्या तुसाची राख मिळत असेल तर सिलिकॉनसाठी ती जरूर टाका.

पायरी ५: बेसल खत (लावणीच्या वेळचा पहिला हप्ता), इथे निवड महत्त्वाची

नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, गंधक शून्य. अमोनियम सल्फेटमध्ये साधारण २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक. आता हिशोब करा. १०० किलो नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यायचं तर जवळपास ४७५ किलो खत लागतं आणि त्यातून ११४ किलो गंधक मातीत जातं. ५ टन धान्याच्या पिकाला गंधक लागतं सुमारे ९-१० किलो. बाकीचं सल्फेट ऑक्सिजन नसलेल्या मातीत सल्फाईड व्हायला मोकळं. मातीत लोह भरपूर असेल तर सल्फाईड लोहाला चिकटून काळा लोह सल्फाईड होतो आणि फारसा त्रास देत नाही, म्हणूनच काळी माती दिसली की लगेच घाबरू नका. खरी अडचण रेताड, धुऊन गेलेल्या, लोह कमी आणि कुजणारा पाला जास्त अशा जमिनीत, तिथे सल्फाईड मोकळा राहतो आणि मुळाचा श्वास बंद करतो. जपानमध्ये अशा जमिनींवर भात सुरुवातीला झकास वाढून नंतर ढासळायचा, त्याला अकिओची म्हणतात, आणि तिथे सल्फेट नसलेली खतं वापरणं आणि लोहयुक्त माती आणून टाकणं हे उपाय झाले. तेव्हा अशा जमिनीत युरिया घ्या. गंधक खरोखर कमी असलेल्या किंवा जास्त पीएचच्या जमिनीत मात्र अमोनियम सल्फेट चांगलं खत आहे, त्याला सरसकट बदनाम करू नका.

पोटॅश. माझं स्पष्ट मत आहे की आम्लधर्मी भातजमिनीत एकाच खतावर पैसे घालायचे असतील तर पोटॅशवर घाला, कारण मुळाला लोह बाहेर थोपवायला तेच लागतं. पण सगळं एकदम नको. कुठलंही विरघळणारं क्षार-खत भरपूर टाकलं की त्यातले कण मातीच्या कणांवर बसलेल्या लोहाला ढकलून पाण्यात आणतात, म्हणजे तात्पुरतं लोह वाढतं. अर्धं चिखलणीच्या वेळी आणि अर्धं लोंबी तयार व्हायला लागते तेव्हा, असं विभागून द्या. सल्फाईडचा त्रास असलेल्या जमिनीत एमओपी, सल्फेट ऑफ पोटॅश नको. खारवट जमिनीत एमओपीतल्या क्लोराईडचाही विचार करावा लागतो.

स्फुरद. आम्लधर्मी जमिनीत रॉक फॉस्फेट चांगलं लागू पडतं, सोबत कॅल्शियम मिळतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११-१२ टक्के गंधकही असतं हे हिशोबात धरा. साधारण मात्रेत त्याने बिघडत नाही, पण सल्फाईडवाल्या खाचरात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) बरं.

जस्त. लोह आणि जस्त मुळात शिरताना एकमेकांच्या आड येतात, त्यामुळे लोह जास्त तिथे जस्तही कमी पडतं. हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट चिखलणीनंतर मातीच्या वर पसरून द्या, आणि डीएपी किंवा सुपरमध्ये कालवून देऊ नका, दोघं मिळून न विरघळणारा झिंक फॉस्फेट होतो. स्वस्त आणि छान मार्ग म्हणजे लावणीच्या वेळी रोपांची मुळं झिंक ऑक्साईडच्या २ टक्के मिश्रणात बुडवणं, लिटरला २० ग्रॅम. ते विरघळत नाही, तळाला बसतं, म्हणून ढवळत राहायचं.

चुना. पीएच खूपच खाली असेल तर माती परीक्षणात चुन्याची गरज काढून घ्या आणि लावणीच्या काही आठवडे आधी द्या. अंदाजाने ढीगभर टाकलात तर जस्त लपून बसेल आणि एक आजार जाऊन दुसरा येईल.

पायरी ६: पाणी भरून लगेच लावणी नको

हे बिनपैशाचं आहे आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. लोहाचा उच्चांक ज्या आठवड्यांत येतो त्यात कोवळं रोप चिखलात नको. पाणी भरल्यापासून किमान १० ते २० दिवस थांबून, जमलं तर एकदा ते पाणी काढून नवीन घेऊन मग लावणी करा. तुमच्या बरणीने जे दिवस दाखवले ते इथे कामी येतात. अशा खाचरात फार कोवळं रोप घेऊ नका, जरा जून, जाड बुंध्याचं रोप जास्त सोसतं. वाणाचाही मोठा फरक पडतो, आफ्रिकन भात म्हणजे ओरायझा ग्लॅबेरिमा आणि त्यांच्याकडचा सुआकोको ८ हा वाण लोह सोसण्यासाठी ओळखले जातात. आपल्या भागातल्या भात संशोधन केंद्राकडे "लोह सहनशील" असं स्पष्ट विचारून वाण घ्या, नुसतं "चांगला वाण" विचारलंत तर जास्त उत्पन्नाचाच मिळेल.

पायरी ७: बाधा झालीच, आता काय

पहिलं, नत्र थांबवा. मूळ दुखावलेलं असताना दिलेला युरिया पीक नीट उचलत नाही, जे उचलतं त्याने पाला वाढतो आणि त्या पाल्याला पोसायला मूळ नसतं.

दुसरं, पाणी काढा. फुटवे जोरात असतात तेव्हा, म्हणजे लावणीनंतर २५ ते ३० दिवसांनी, ७ ते १० दिवस खाचर पाण्याशिवाय ठेवलं की हवा आत जाते, लोह गंज होऊन बसतं, सल्फाईड परत सल्फेट होतं. बारीक भेगा दिसायला लागल्या की पुरे, मोठ्या फटी पडू देऊ नका. बाधा जोरात असेल तर २५ दिवसांची वाट बघू नका, रोप धरलेलं असेल तर आधीच दोन-तीन दिवस पाणी काढा. लोंबी पोटरीत असल्यापासून फुलोरा संपेपर्यंत मात्र जमीन अजिबात सुकवायची नाही, तेव्हाचा ताण थेट दाण्यावर येतो.

तिसरं, याच काळात पोटॅशचा हप्ता द्या, राहिलेला अर्धा थोडा आधी दिला तरी चालेल. जस्ताचा संशय असेल तर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुना मिसळून फवारा, चुना न घालता फवारलं तर पानं जळू शकतात.

चौथं, नवीन पांढरी मुळं दिसली की मगच युरिया, आणि तोही ओलसर जमिनीवर टाकून मग पाणी भरा, म्हणजे पाण्याबरोबर तो खाली मुरतो. हा क्रम उलटा करू नका. आधी युरिया टाकून मग खाचर सुकवलं तर अमोनियमचं नायट्रेट होतं, आणि पुन्हा पाणी भरलं की जिवाणू तेच नायट्रेट सगळ्यात आधी वापरतात, तुमचं नत्र वायू होऊन उडून जातं. उभ्या पाण्यात भर दुपारी फेकलेला युरियाही असाच जातो, कारण शेवाळामुळे दुपारी पाण्याचा पीएच ९ च्या वर चढतो आणि अमोनिया हवेत निघून जातो.

बाधा नसलेल्या वर्षीही पाणी कमी-जास्त करत राहणं फायद्याचं. ३० सेंटीमीटरचा भोकं पाडलेला पाईप घ्या, निम्मा म्हणजे १५ सेंटीमीटर जमिनीत रोवा, आतली माती काढा, आणि आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर गेलं की पुन्हा ५ सेंटीमीटर पाणी भरा. मुळाला हवा मिळते आणि पाणीही वाचतं.

अपवाद: या जमिनीत खाचर सुकवू नका

खाडीलगतच्या, दलदलीच्या काही जमिनींत खाली पायराईट असतं. केरळमधल्या कुट्टनाडच्या करी जमिनी, व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश ही त्याची ठळक उदाहरणं. पायराईट पाण्याखाली आहे तोवर गप्प असतं, हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं, पीएच ४ च्या खाली घसरतो आणि मग लोह आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही सुटतात. ओळख म्हणजे मातीच्या ढेपळात, जुन्या मुळांच्या वाटांवर फिकट पिवळे, गवतासारख्या रंगाचे ठिपके, आणि चरात साठलेलं पाणी संशय येण्याइतकं नितळ. इथे खोल चर काढायचा नाही, खोल नांगरायचं नाही, पायराईटचा थर पाण्याखालीच ठेवायचा, पहिल्या पावसाचं आंबट पाणी वरच्यावर बाहेर काढून टाकायचं, आणि चुना, स्फुरद यांच्या जोरावर वरच्या थरात भात घ्यायचा.

खारं पाणी आणि बोरॉन यांची लक्षणंही कधी यात मिसळतात. खारटपणात पानांचे शेंडे पांढरे पडतात आणि पीक ठिगळासारखं जागोजागी मरतं, मातीची विद्युतवाहकता (क्षारांचं माप) मीटरला ३ डेसीसायमनच्या पुढे गेली की उत्पन्न उतरायला लागतं. बोरॉनमध्ये आधी शेंडे आणि कडा पिवळ्या होतात, नंतर लांबट गडद तपकिरी डाग पडतात, आणि ते बहुतेक विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातून येतं, तेव्हा मातीबरोबर पाण्याचाही नमुना तपासायला द्या.

पायरी ८: कापणीनंतरचं काम

आजारी पट्ट्यातलं आणि चांगल्या पट्ट्यातलं धान्य वेगळं मोजा, नकाशावर लिहून ठेवा. मातीचे नमुनेही दोन वेगळे काढा, सगळ्या खाचराची माती एकत्र कालवली तर सरासरी येते आणि आजार त्या सरासरीत दडून जातो. नमुना घेताना १५-२० सेंटीमीटर खोलीचा घ्या, आणि पायराईटची शंका असेल तर आणखी खालचाही, ओला असतानाच हवाबंद पिशवीत भरून त्याच दिवशी द्या, कारण घरी पडून राहिला तर हवा लागून आंबट होतो आणि रिपोर्ट भलताच येतो. पेंढा उचलायचाच असेल तर निदान आजारी पट्ट्यातला तरी तिथेच ठेवा, आणि पुढच्या वर्षीच्या पोटॅशचा हिशोब किती पेंढा बाहेर गेला त्यावरून धरा.